भिंत दोघांची

सकाळी सात

थंडीच्या दिवसांत कुक्षीच्या बाजारात सातच्या सुमारास उजाडतं आणि दुकानं नऊपर्यंत उघडत नाहीत. मधले दोन तास माझे. एकदा ओट्यावर माल मांडला गेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटरसायकली लागल्या, की दर्शनी भिंतीला टेप धरायला जागा उरत नाही.

जुन्या घरांची मोजणी करणं, त्यांचे नकाशे काढणं आणि दुरुस्ती सुचवणं हा माझा व्यवसाय. मी मध्य प्रदेशातल्या धारची. धारच्या पवारांच्या संस्थानात कुक्षी हाही एक परगणा होता. निमाडाच्या या भागातली दुकान-घरं कागदावर उतरवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं आहे. खाली दुकान, वर राहणं, आणि शेजारच्या घराला भिडलेली भिंत अशी ही घरं. आजचं घर आता पूर्णपणे दुकान झालं आहे. कुटुंब गावाबाहेरच्या नव्या बंगल्यात गेलं, खाली तयार कपड्यांचं दुकान आहे आणि वरच्या माडीवर गोदाम.

आधी लांबून बघते. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवरून सरकतं तेव्हा तिचा फुगवटा, जुना भरलेला तडा, बुजवलेली खिडकी हे सगळं सावलीने उठून दिसतं. दुपारी हीच भिंत सपाट वाटते. म्हणून फोटो आत्ताच. मग ओळंबा सोडायचा, पाण्याच्या नळीने भिंतीवर एक समपातळी रेघ आखायची आणि पुढची सगळी मापं त्या रेघेपासून वर-खाली घ्यायची. रस्त्यापासून मापं घेऊन चालत नाही, कारण रस्ता एका पातळीवर राहिलेला नाही. डांबरावर डांबर आणि त्यावर काँक्रीट चढत गेलं, आणि एके काळी पायऱ्या चढून जावा लागणारा ओटा आता जेमतेम वीतभर उंच राहिला आहे. पावसाळ्यात पाणी आत शिरतं अशी तक्रार या ओळीतले सगळेच करतात. घरं खचलेली नाहीत, रस्ता वर आला आहे.

घराची रुंदी तीन खणांची. आतली लांबी रुंदीच्या कितीतरी पट. बाजारातल्या दर्शनी जागेला मोल होतं, म्हणून प्रत्येकाने रस्त्यावर थोडी जागा घेतली आणि घर मागे लांबवलं. पुढे ओटा, मग दुकान, त्यामागे कोठार, मग उजेड-वाऱ्यासाठी लहानसा चौक, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि शेवटी मागच्या गल्लीत उघडणारं दार. दोन्ही लांब बाजू शेजाऱ्यांना चिकटलेल्या असल्याने त्यांवर ऊन पडतच नाही. निमाडातल्या मे महिन्यात या एका गोष्टीची किंमत कळते.

सकाळी नऊ

शटर वर जातं. शेजारच्या धान्याच्या दुकानाला अजून फळ्या आहेत. प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला, रोज सकाळी एका टोकापासून क्रमाने काढायच्या आणि रात्री उलट क्रमाने खाचेत सरकवायच्या. फळ्या निघाल्या की तीनही खण उघडे होतात आणि ओटा व दुकान एकच जागा होते. शटर बसवताना मात्र वरची पट्टी तोडून पेटी बसवावी लागते. पट्टीवर कोरलेला गणपती बहुतेक त्याच वेळी जातो. आजच्या घराचा गणपती वाचला आहे, कारण बसवणाऱ्याने पेटी आतल्या बाजूला घेतली. ज्याने कुणी हे केलं त्याला कुणी सांगितलंही नसेल. हात जाणता होता.

आतलं माप कर्णांनी घ्यायचं. जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही, म्हणून चार बाजू मोजून पुरत नाही. दोन्ही कर्ण मोजले की खोली किती तिरकी आहे ते कागदावर बरोबर उतरतं. मग खांब. सागाचे खांब, त्यांवर कोरीव हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर आडवे वासे आणि वर फळ्यांची पाटणी. ओझं वाहतो तो हा लाकडी सांगाडा. विटांचं काम त्याच्या मधे भरलेलं आहे. ही गोष्ट घराच्या नव्या मालकांना आणि पुष्कळदा ठेकेदारांनाही माहीत नसते. भिंत जाड दिसते म्हणून ती आधार देते असं ते धरून चालतात आणि खांबाला अडथळा समजतात.

प्रत्येक खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा असतो. लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं ही त्यामागची साधी युक्ती. या दुकानात गुळगुळीत फरशी बसवताना जमीन वर आली आणि तळखडे खाली गाडले गेले. आता खांबाचं बूड थेट सिमेंटमध्ये आहे. पेचकसाच्या मुठीने खालपासून वर ठोकत जाते. वर टणक आवाज येतो, खाली भद्द. दोन खांबांची बुडं पोकळ होऊ लागली आहेत. भिंतींना सिमेंटचा गिलावा आहे, त्यामुळे जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडत नाही आणि जिथे वाट मिळेल तिथे, म्हणजे लाकडात, जाते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. अशा भिंतीला तोच हवा.

सकाळी साडेदहा

गिऱ्हाईक वाढलं, मी माडीवर जाते. जिना भिंतीलगत, उभा, एका माणसापुरता. वर कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आहेत, तेही बरोबर खोलीच्या मध्यभागी. ही माडी माणसांच्या राहण्यासाठी बांधलेली. माणसं हिंडतात-फिरतात, त्यांचं ओझं एका जागी वर्षानुवर्षं राहत नाही. गठ्ठ्यांचं राहतं. तुळई मध्यावर वाकलेली आहे. किती, ते दोरी ताणून मोजून घेतलं.

यावर उपाय आजच करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. गठ्ठे मधून काढून भिंतींलगत, खालच्या खांबांच्या वर येतील असे लावायचे. दुकानातल्या मुलांना बोलावून खडूने जमिनीवर पट्टे आखून दिले. जुन्या घराची निगा म्हटली की लोकांना मोठा खर्च आठवतो. खरी निगा बहुतेक वेळा ओझं कुठे ठेवायचं आणि पाणी कुठून जाऊ द्यायचं एवढ्याशा गोष्टींत असते.

भिंतीतला देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा आहे. शेजारी दिव्याची काजळी तेवढी राहिली आहे. दोन्हींची मापं घेतली. घराचा वापर बदलला तरी त्याआधी तिथे काय होतं हे नकाशात आलंच पाहिजे.

दुपारी बारा

गर्दी ओसरल्यावर दुकानाचे मालक शेठजी चहा मागवतात आणि मुद्द्यावर येतात.

“ताई, हे मधले दोन खांब काढायचे आहेत. गिऱ्हाइकाला आतला माल दिसत नाही. मिस्त्री म्हणतो लोखंडी गर्डर टाकू. दोन दिवसांचं काम.”

“गर्डरची टोकं कुठे बसवणार?”

“दोन्ही बाजूच्या भिंतीत.”

“त्या भिंतीत पलीकडून शेजाऱ्यांच्या तुळया बसल्या आहेत. भिंत तुमच्या एकट्याची नाही.”

शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या काकांना हाक मारली. त्यांच्या बाजूला जिन्याजवळ एक तिरका तडा आहे, तो मी सकाळी पाहिला होता. त्यांच्या पलीकडच्या घरात काही वर्षांपूर्वी खांब काढून रुंद दार केलं, त्यानंतर हा तडा आला असं ते म्हणाले. दोघांनाही ओट्यावर बसवून मी कागदावर छेद काढून दाखवला. आजवर चार खांबांवर वाटलं गेलेलं ओझं गर्डर घातल्यावर भिंतीतल्या दोन ठिकाणी एकवटतं. ती भिंत मातीत रचलेल्या विटांची आहे. तिला असं एका जागी येणारं ओझं पेलत नाही आणि ती ज्याच्या बाजूला अशक्त असेल त्याच्या घरात तडा उमटतो.

शेठजींची अडचण खोटी नाही. दुकान चाललं नाही तर घर राहणार नाही, हे मी त्यांच्याइतकंच मानते. रिकामी पडलेली जुनी घरं सर्वांत आधी कोसळतात. एक कौल सरकतं, पाणी मुरतं, वाळवी येते आणि बघायला कुणी नसतं. म्हणून मी बदलाला नाही म्हणत नाही, फक्त तो परत काढता येईल असा असावा एवढं मागते. खोटं छत काढलं तर दुकान हातभर उंच होईल आणि पाटणीचं सागवान दिसेल. कपाटं भिंतीत न ठोकता स्वतंत्र उभी करता येतील. काचेचं दार खांबांच्या मागे घेता येईल. बुडं कुजलेल्या खांबांना टेकू देऊन खराब झालेला भाग कापायचा, त्या जागी सागाचाच तुकडा खाचेने जोडायचा आणि तळखडा पुन्हा मोकळा करायचा. काका म्हणाले, “माझ्या बाजूचाही त्याच वेळी करून टाका, टेकू एकदाच लागतील.” या ओळीत दुरुस्ती अशीच दोघांनी मिळून स्वस्त पडते.

माळव्यात दोन मालकांचं एक जुनं उदाहरण आहे. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पाती होत्या, आणि गावाच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या दरबारांचा अंमल होता. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थाही दोन्ही बाजूंना निराळी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांकडे कामाला होता, त्याने हा कारभार जवळून पाहिला. एका रस्त्याला दोन राजे असू शकतात. एका भिंतीला दोन मालक असतात तेव्हा मात्र त्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

दुपारी दीड

जेवण गाडीतच, निसरपुरच्या वाटेवर. कुक्षी तालुक्यातलं, नर्मदेला मिळणाऱ्या उरी-बाघनी नदीच्या काठचं हे गाव. मोठी बाजारपेठ, आजूबाजूच्या भिल्ल-भिलाला पाड्यांची खरेदी-विक्री इथेच व्हायची. कापूस, धान्य, कापड, किराणा, चांदीचे दागिने. त्या बाजारात अशीच दुकान-घरं होती, धरणाचं पाणी येईपर्यंत.

नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी त्याने १३८.६८ मीटर ठरवली. धरण गुजरातेत आणि फुगवटा मध्य प्रदेशापर्यंत, नर्मदेतून उपनद्यांमध्ये उलटा चढलेला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये बुडीत क्षेत्र रिकामं करायला ३१ जुलैची मुदत दिली. त्याच वर्षी जूनमध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले. २०१९ च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला पोचलं आणि निसरपुरचा बाजार त्यात गेला. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलनाचे लोक पुनर्वसन पुरं झालेलं नाही हे तोवर सांगत होते, उपोषणं करत होते.

याआधी नर्मदेवरच्याच इंदिरा सागर धरणात हरसूद गाव गेलं होतं, २००४ मध्ये. तिथे लोकांनी स्वतःची घरं स्वतःच्या हातांनी उतरवली. लाकूड, दारं, कौलं, जे नेता येईल ते नेलं. निसरपुरातही पुष्कळांनी तेच केलं.

दुपारी अडीच

निसरपुरच्या नव्या वसाहतीत आजचं काम आहे बुडालेल्या ओळीचा नकाशा. अंगणात मोठा कागद पसरला की माणसं जमतात. सुरुवात एका नक्की ठाऊक असलेल्या जागेपासून करायची, देवळापासून किंवा चौकापासून. मग एकच प्रश्न: तुमच्या उजव्या हाताला कोण? डाव्या हाताला कोण? माणसं न अडखळता सांगत जातात. किराणा, त्याला लागून सोनार, मग शिंपी, मग दोन भावांचं एक घर जे नंतर मधे भिंत घालून वाटून घेतलं. एकाने सांगितलेलं शेजारचा पडताळून देतो. कुठली भिंत सामाईक आणि कुठे दोन भिंतींमध्ये बोळ होता, यावर सर्वांत जास्त चर्चा होते, आणि तीच माहिती मला हवी असते.

आठवणीला कागदाचा आधार लागतो. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचं. एकेक खत ओळीने लावत गेलं की घरं आपोआप जुळत जातात. लग्नातले फोटो फार कामाचे. वरात दुकानापुढे थांबलेली असते, मागे हस्त, सज्जा, खिडक्यांची चौकट स्वच्छ दिसते. दाराची रुंदी ठाऊक असली की त्या फोटोवरून दर्शनी भागाची मापं काढता येतात.

आणि लाकूड स्वतः बोलतं. एका घरापुढे मांडवाला लावलेला खांब जुन्या दुकानाचा आहे. त्याच्यावर तीन ठिकाणी खाचा आहेत. सर्वांत खालची ओट्याच्या कठड्याची, मधली पोटमाळ्याची, वरची तुळईची. खाचांमधलं अंतर मोजलं की मजल्यांची उंची मिळते. एका घरात कोरीव दार नव्या चौकटीत बसवलं आहे, उंची जुळावी म्हणून खालून कापून. घरमालकिणीने दारावर हात ठेवून सांगितलं, “सासऱ्यांनी सांगितलं होतं, बाकी काही राहिलं तरी चालेल, दार न्या.”

लवादाच्या निवाड्याने विस्थापित कुटुंबाला घरासाठी ६० फूट बाय ९० फुटांचा भूखंड ठरवून दिला. कागदावर ही जागा जुन्या चिंचोळ्या घरापेक्षा मोठी आहे, आणि शेतकरी कुटुंबाला अंगणाची गरज असते हेही खरं. पण बाजाराचं गणित निराळं. अशा भूखंडांवर घरं एकमेकांपासून दूर उभी राहतात, चारी बाजूंनी तापतात, आणि ओट्यावरून ओट्यावर जात खरेदी करता येईल अशी ओळ तयार होत नाही. भरपाई घरागणिक मोजली गेली: इतक्या फुटांचं बांधकाम, भिंत पक्की की कच्ची, छप्पर कौलाचं की पत्र्याचं. दोन घरांमधली भिंत कुणाच्या खात्यात लिहायची याला रकानाच नव्हता. ओळीत असण्याचं जे मोल होतं ते त्यामुळे हिशेबात आलंच नाही.

धरणाच्या पाण्यातून वास्तू वाचवण्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. नागार्जुनसागर होताना नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष उचलून टेकडीवर नेले, आज ते बेट आहे. देऊळ किंवा स्तूप असा उचलता येतो, कारण तो स्वतःच्या पायावर एकटा उभा असतो. बाजाराची ओळ उचलायची तर सगळे शेजारी त्याच क्रमाने, त्याच अंतराने, एका वेळी उचलावे लागतात. ते कुणी केलं नाही, आणि वेळीच तिचा नकाशाही काढला गेला नाही.

संध्याकाळी साडेपाच

परतताना एका मिस्त्रींकडे थांबते. वय झालं आहे पण हात अजून चालतो. त्यांच्या वडिलांनी निसरपुरात आणि कुक्षीत कितीतरी दुकान-घरांचं लाकूडकाम केलं. सकाळच्या खांबाचा फोटो आणि मापं दाखवली. ते जोडाची आकृती जमिनीवर खडूने काढतात: जुन्या खांबाला तिरका काप, नव्या तुकड्याला उलटा, मधे आडवी लाकडी खुंटी. खिळा नको, कारण लोखंड गंजतं आणि सागाला चिरतं. हाच जोड आम्ही शेठजींच्या दुकानात करणार आहोत. मिस्त्रींचा नातू मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतो आहे, त्याला मी मापं लिहायला शिकवलं आहे. हा जोड करणारे हात या तालुक्यात आता थोडे उरलेत. कायद्याने घर राखलं आणि सुतार राहिला नाही, तर त्या राखण्याला अर्थ नाही.

रात्री साडेआठ

खोलीवर नकाशे. सकाळचं घर स्वच्छ प्रमाणात काढते, आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या घरांचे खांब व तुळयाही त्याच कागदावर घेते. एकट्या घराचा नकाशा मी आता देतच नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर दोन्ही शेजाऱ्यांची संमती आणि सामाईक भिंतीची स्थिती लिहिते.

अशा ओळींना आपल्याकडे संरक्षण जवळपास नाही. १९५८ चा केंद्राचा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. साधं दुकान-घर त्यात बसत नाही आणि एकेकटं बघितलं तर बसवण्यासारखं वाटतही नाही. म्हणून ते ओळीने बघायला हवं. मुंबईत १९९५ च्या वारसा-नियमावलीने एकेकट्या इमारतींबरोबर परिसरही यादीत घेतले. मलेशियात जॉर्जटाउन आणि मलाका इथल्या दुकान-घरांच्या ओळींना २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे दुकानांपुढच्या सलग ओवरीतून आजही लोक सावलीत चालत जातात, आणि ही ओवरी एकट्या दुकानदाराला बंद करता येत नाही. आपल्या शेजारच्या अहमदाबादला २०१७ मध्ये तोच मान मिळाला तो पोळांमधल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधल्या, खेटून उभ्या घरांसाठीही. त्या पोळा निमाडातल्या बाजारांपेक्षा फार निराळ्या नाहीत. कुक्षी, मनावर, धार, देवास या गावांच्या नगरसंस्थांनी आपापल्या जुन्या पेठेची निदान एक सलग मोजणी करून ठेवावी. पावसाळ्याआधीच्या एका हंगामात होणारं हे काम आहे. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी इंदूर-भोपाळमध्ये आहेत, टेप आणि ओळंबा स्वस्त आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं दुकान अशा घरात असेल, मग ते निमाडात असो की नाशिक-पुण्याच्या पेठेत, तर खांब हलवण्याआधी शेजाऱ्याच्या घरात जाऊन त्या भिंतीची दुसरी बाजू बघा. तिथे तुळया कुठे बसल्या आहेत, तडा आहे का, ओल कुठवर चढली आहे, ते लिहून ठेवा. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमा वाचा. घराचे आणि समोरच्या ओळीचे जुने फोटो एका जागी जमा करा. निसरपुरची ओळ आम्ही आठवणींतून, लग्नाच्या फोटोंतून आणि खांबांवरच्या खाचांतून जोडतो आहोत, आणि कितीही जोडली तरी तीत कुणाला दुकान उघडता येणार नाही. तुमची ओळ अजून उभी आहे. तिची मोजणी उद्या सकाळी, दुकानं उघडायच्या आत, सुरू करता येते.